ताई, ट्यूबचाच का?

ताई, तुझी तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडववाले बांबू सोडून घेऊन गेले आणि तुझ्या बैठकीत मी आणि भाऊजी असे दोघंच उरलो. मग भिंतीजवळच्या तुझ्या त्या दोन उंच स्पीकरांकडे पाहत भाऊजींनी विचारलं, "मंग दिनेश, तिचा तो ॲम्प्लिफायर कोनता घ्याचा?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. या माणसानं उभ्या जन्मात या घरात तुझ्यासोबत बसून एक गाणं पुरतं ऐकलं नाही. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यापासून घरामागच्या वाफ्यांत वांगी आणि कोथिंबीर लावण्यापलीकडे कशात जीव घातला नाही. आणि आता तेच ॲम्प्लिफायरची चौकशी करत होते. "आता कशाले, भाऊजी?" मी म्हटलं. ते म्हणाले, "तिनं घेतला असता तोच आन. तुले मालूम असन. तूच भांडत राहे तिच्याशी."

दर रविवारी येऊन भांडत होतो हे खरं आहे. पण तू शेवटी कोणत्यावर बोट ठेवलं असतंस हे मला माहीत नव्हतं. शिवाय ट्यूबचाच का, हे तर तू मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. "आहे कारन," एवढं म्हणायचीस आणि हसायचीस. तुझ्या त्या हसण्याचा मला तेव्हा राग यायचा, आता तेच हसणं आठवत बसतो. पण कुतूहल काही कमी होत नाही. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल कुतूहल वाटत राहावं, हे बरं की वाईट, मला कळत नाही.

आपलं भांडण तसं साधं होतं. मी सेलूच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारा, त्यामुळे ॲम्प्लिफायरही ट्रान्झिस्टरचाच घ्यावा असं म्हणणारा. तू जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या, आतून लालसर पेटणाऱ्या नळ्यांची भक्त. मी म्हणायचो, "ताई, मे महिन्यात वर्ध्यात कोनी घरात शेगडी पेटवते का? त्या ट्यूब म्हंजे शेगडीच." तू म्हणायचीस, "मे महिन्यात कूलरच्या घरघरीत गानं ऐकते कोन? आपल्याकडं ऐकाचा मोसमच थंडीचा." मी म्हणायचो, ट्रान्झिस्टर लाव आणि वीस वर्षं विसरून जा. त्यावर पुढे पुढे तू होकाराची मान हलवायचीस, जणू मी तुझ्या बाजूचाच मुद्दा मांडला होता. ती मान का हलत होती, हे मी कधी विचारलं नाही.

गंमत अशी की, आवाजाच्या बाबतीत तुझ्याशी भांडण्याची माझी लायकीच नव्हती. तुझी नोकरीच कानांची होती. सेवाग्रामच्या दवाखान्यातली तुझी ती खोली, कपाटापेक्षा थोडीच मोठी, भिंतींना गादी ठोकलेली, दार लावलं की आपलाच श्वास मोठा ऐकू यायचा. मी एकदा तुला डबा द्यायला आलो होतो तेव्हा तू मला कोपऱ्यात बसवलं होतंस. समोर एक म्हातारी, कानांवर हेडफोन. "आजी, आवाज आला का बोट वर करजा. लहानसा असला तरी करजा." तू बटणं दाबत होतीस, आजीचं बोट वर-खाली होत होतं. मध्येच तू हात मांडीवर ठेवून गप्प बसलीस, काहीच वाजवलं नाहीस, आणि आजीनं मोठ्या खुशीत बोट वर केलं.

बाहेर आल्यावर मी हसलो, तर तू मला झापलंस. "खोटं नाई बोलत ते. त्याइले ऐकू यावं वाटते, म्हनून येते." म्हणून तू कधी कुणाला 'ऐकू आलं का' असं विचारत नव्हतीस. विचारलं की माणूस लाजेखातर हो म्हणतो, असं तुझं म्हणणं. वाजवायचं, किंवा वाजवायचं नाही, आणि चेहरा कोरा ठेवून बघत राहायचं. ही तुझी कामाची रीत होती आणि रिटायर झाल्यावर ती तू सगळ्या जगावर चालवलीस. भाजीत मीठ आहे का हेसुद्धा आम्हाला न विचारता आमच्या तोंडाकडे बघून ठरवायचीस.

नागपूरच्या त्या दुकानात तू माझी जी फजिती केलीस ती अजून आठवते. एकाच स्पीकरवर दोन ॲम्प्लिफायर आळीपाळीनं लावून ऐकायचं होतं. आधी तू दुकानदाराकडून दोन्हींचा आवाज अगदी सारखा करून घेतलास, कारण जरा मोठं वाजलं की माणसाला तेच चांगलं वाटतं. मग मला डोळे मिटायला लावलेस. थोड्या वेळानं दुकानदार म्हणाला, "सर, अब ट्यूबवाला लगाया. फर्क आया ना?" मी प्रामाणिकपणे, डोळे मिटूनच म्हणालो, "हां, मानना पडेगा. मिठास है." दुकानात खसखस पिकली. त्यानं काहीच बदललं नव्हतं. तूच त्याला बदलू नको म्हणून खूण केली होतीस आणि माझा ट्रान्झिस्टरच वाजत होता. वर्षभर, घरी कोणी पाहुणा आला की तू त्याला तो किस्सा सांगितलास, तोही माझ्यासमोर. पाहुण्याला ट्यूब म्हणजे काय ते ठाऊक नसलं तरी आधी ते समजावून सांगून मग किस्सा सांगायचीस.

मग हिंगणी. बोरच्या जंगलाच्या अलीकडे शेतात घर बांधून राहिलेले ते निवृत्त ढगे सर, त्यांच्याकडे ट्यूबचा ॲम्प्लिफायर आहे असं तुला कुठून तरी कळलं होतं. भाऊजी गाडी चालवायला म्हणून आले आणि बाहेर बसायला जागा नव्हती म्हणून आत बसले. आपण तिघं एका ओळीत एका सोफ्यावर, असं त्याआधी कधी झालं होतं का? मला तरी आठवत नाही. गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायचं होतं, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "हे सूं काय होऊन राह्यलं?"

मलाही ते ऐकू येत होतं. उजव्या स्पीकरमधून बारीक, उंच सुराचा सूं आवाज, फार नाही, पण होता. ढगे सर म्हणाले, हो, एक ट्यूब म्हातारी झाली आहे. तू म्हणालीस, "कुठं?" आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलंस.

मग तू जे केलंस ते तूच करू शकत होतीस. स्पीकरसमोर स्टूल घेऊन बसलीस, डोळे मिटलेस आणि मला म्हणालीस, "दिन्या, चालू-बंद करत राह्य. मले सांगू नको." मी तसं केलं. तुझं बोट मांडीवरून उठलंच नाही. मी पुन्हा केलं. भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले. शेवटी तू डोळे उघडलेस आणि चक्क हसलीस. "गेले रे. माहे वरचे सूर गेले. जिनगीभर लोकाइचे कान तपासले अन् आपले पाहाचे राहून गेले." ढगे सरांच्या पत्नीनं चहा आणला, तो तू दोनदा मागून घेतलास. परतीच्या वाटेवर गाडीत मात्र कोणीच बोललं नाही.

मला वाटलं, आता आपला वाद संपला. जो फरक तुला ऐकूच येत नाही, त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? पुढच्या रविवारी मी जरा सांभाळूनच म्हणालो, आता साधा घेऊन टाकू. तू म्हणालीस, "नाई. ट्यूबचाच." "काऊन पन?" "आहे कारन."

आणि तिथून तुझे प्रश्नच बदलले. त्याआधी तू विचारायचीस गोडवा किती, खोली किती, गाणारा समोर बसल्यासारखा वाटतो का. हिंगणीनंतर तू आवाजाबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. ट्रान्सफॉर्मर जड आहे ना, तापतो किती? ट्यूब सगळीकडे मिळणाऱ्या जातीच्या आहेत, की कुठल्या परदेशी गोदामातल्या जुन्या साठ्यातून शोधत बसायच्या? ज्यात त्या बसवायच्या तो सॉकेट चिनीमातीचा आहे की प्लास्टिकचा? गावात पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली-वर होतं, ते त्याला सोसेल का? त्याला पुरेशी हवा लागते, मग तो उघड्या शेल्फवर ठेवायचा तर वर जाळी आहे का? मी चिडवायचो, "ताई, तू गानं ऐकनार आहेस का पंप बसवनार आहेस?"

सगळ्यात मोठं भांडण झालं ते ट्यूब जुळवण्यावरून. काही ॲम्प्लिफायरमध्ये प्रत्येक ट्यूबमधून किती करंट जावा हे मीटर लावून, स्क्रू फिरवून आपण ठरवायचं असतं. काहींत ते आपोआप जुळतं, पण ताकद थोडी कमी मिळते. मी म्हटलं, मी आहे ना, सेलूहून येऊन जुळवून देईन, तू ताकदवाला घे. तू ठामपणे नाही म्हणालीस. "ज्याले दुसरा मानूस बोलवा लागते तो भरोशाचा नाई." तेव्हा मी दुखावलो होतो, ताई. मला वाटलं, तुला माझं येणं नको झालंय. दोन रविवार मी आलोच नाही. तिसऱ्या रविवारी तू फोन करून म्हणालीस, "येजो. वाद अर्धा राह्यला."

तो अर्धाच राहिला. तुझं हृदय असं अचानक थांबेल हे तुझ्या डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं. तू गेलीस तेव्हा दोन ॲम्प्लिफायर शिल्लक होते. एक परदेशी, देखणा, पुढे मीटरचे काटे असलेला. दुसरा नागपूरचे वानखडे घरच्या वर्कशॉपमध्ये हातानं बांधतात तो, दिसायला शिलाई मशीनच्या डब्यासारखा. तुझ्या प्रश्नांना दोन्हींची उत्तरं जवळपास सारखीच होती. तू काही लिहून ठेवायची नाहीस, सगळं डोक्यात. मग मी एका शनिवारी वानखड्यांकडे गेलो आणि तुझे प्रश्न जसेच्या तसे त्यांना विचारायला लागलो. तिसऱ्याच प्रश्नाला त्यांनी मला थांबवलं.

"सेवाग्रामच्या मॅडमचे भाऊ का तुमी?" मी तू गेल्याचं सांगितलं. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मागच्या खेपेले तर दोघं आले होते. साहेबाइले घेऊन आल्या होत्या."

मला आधी वाटलं, यांचा काही घोळ होतोय. भाऊजी? वानखडे म्हणाले, "हौ ना. मॅडमनं साहेबाइले बाहेर बसवलं अन् मले म्हने, एक मेलेली ट्यूब लावून ठेवा, त्याइले सांगू नका. मंग आत बोलावलं. म्हने, हा चालून नाई राह्यला, पाहा बरं." मी विचारलं, मग? "मंग काय, साहेबानं चष्मा वर केला, एकेक ट्यूब नीट पाह्यली. म्हने, ही वरून पांढरी पडली, बाकीच्या चांदीसारख्या आहेत. बरोबर होतं. काचेत हवा शिरली का तसंच होते. थंडी होऊ देली, दस्तीनं धरून काढली, खाच जुळवून नवी बसवली. मॅडम काई बोलल्याच नाई. नुसत्या पाहून राह्यल्या."

त्यांच्या वर्कशॉपात बसून मी ते चित्र डोळ्यांसमोर आणत राहिलो. तू चेहरा कोरा ठेवून उभी आणि भाऊजी रुमालात काचेची ट्यूब धरून वाकलेले. मला न सांगता तू हे का केलंस? आणि त्यांनी तरी मला का सांगितलं नाही?

तिथून मी सरळ सेवाग्रामला आलो. भाऊजी वाफ्यात पाणी देत होते. मी म्हटलं, "भाऊजी, तुमाले तर मालूम होतं कोनता घ्याचा ते."

"होतं."

"मंग मले काऊन पाठवलं?"

त्यांनी पाण्याचा पाइप वांग्याच्या झाडाशी सोडला आणि हात पुसले. "तुमी दोघं बैठकीत भांडत राहात, मी इथं मांगं. मले त्यातलं समजे काईच नाई. पन आवाज येत राहे. आता ते बंद झालं अन् रविवार लय मोठा होते, दिनेश." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ॲम्प्लिफायर आला का तू येनं बंद करशीन, असं वाटलं. म्हनून म्हटलं, शोधू दे काई दिवस."

ताई, आपल्याला वाटायचं की घरात ऐकणारी तू एकटीच. मी तिथेच, वाफ्याच्या कडेला उभा राहून रडलो. भाऊजींनी मला रडू दिलं आणि पाइप दुसऱ्या झाडाशी नेऊन ठेवला.

वानखड्यांचा ॲम्प्लिफायर परवा आला. मी नुसता हाताशी होतो, सगळं भाऊजींनी केलं. शेल्फच्या मागची बाजू मोकळी केली, हवा खेळावी म्हणून. एकेक ट्यूब रुमालानं पुसून, खाच बघून, हलक्या हातानं बसवली. मी तारा जोडल्या तर त्या पुन्हा ओढून पाहिल्या. बटण दाबलं, काही वेळ काहीच झालं नाही, मग ट्यूब हळूहळू पेटल्या आणि तुझं आवडतं गाणं सुरू झालं. खरं सांगू? मला फरक कळला नाही. माझा ट्रान्झिस्टरही असाच वाजला असता, आणि हे मी तुझ्यासमोरही म्हटलं असतं.

भाऊजी तुरीच्या शेंगांची टोपली घेऊन स्पीकरसमोरच्या खुर्चीत बसले आणि शेंगा सोलायला लागले. एक गाणं झालं. दुसरं झालं. मला वाटलं, आता उठतील, मागं जातील. त्यांची सवय तुला मी काय सांगायची. तू हाक मारायचीस, "अहो, या ना, बसा जरा," आणि ते म्हणायचे, "तू लाव, मी आलोच." तो 'आलोच' तुझ्या सगळ्या संसारात कधी आला नाही. त्यावर तू तक्रार केलेली मी ऐकली नाही, पण गाणं लावल्यावर तू दाराकडे बघायचीस, ते मी पाहिलं आहे.

तिसरं गाणं लागलं तेव्हा मी म्हटलं, "भाऊजी, चहा मांडता का?"

"तू मांड," ते म्हणाले. "मले उठता येत नाई. हे चालू ठेवून मानसानं हलाचं नाई, असं तिनं वानखड्याच्या तिथं दोनदा बजावलं. तुहा ट्रान्झिस्टर असता तर लावला असता अन् गेलो असतो मांगं. याच्यापाशी बसाच लागते."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि चहाचं आधण ठेवलं. हिंगणीहून येताना गाडीत गप्प बसून तू हेच ठरवत होतीस का गं? वरचे सूर आता येणार नव्हते, तर निदान माणूस तरी येऊन बसावा, असं? त्याला हातानं करण्यासारखं काही काम असलं की तो बसेल, हे तू ताडलं होतंस का? की मी आपला माझ्या सोयीनं अर्थ लावतो आहे? तुला विचारता येत नाही, आणि विचारलं असतं तरी तू हसलीच असतीस.

वाद तू जिंकलीस, ताई. चहा घेऊन मी बाहेर आलो तेव्हा भाऊजी शेंगा सोलायचं थांबले होते आणि नुसते ऐकत होते. तुझ्या हाकेला त्यांनी शेवटी ओ दिली. तू हवी होतीस गं, तू इथं हवी होतीस.